अर्ज भरला म्हणजे हक्क मिळाला काय?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील बौद्ध घरांतून अलीकडे एक वाक्य वारंवार कानी पडते. मुलाच्या शिष्यवृत्तीचे काय झाले, असे विचारले की बाप उत्तर देतो, "फॉर्म तर भरला आहे, नशिबात असेल तेव्हा येईल." मेहकरला ऐका, नांदुऱ्याला ऐका, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊन ऐका, वाक्य तेच. ज्या घराने देव्हारा उचलून बाहेर ठेवला, ज्या घराने बुद्धवंदना पाठ केली, ज्या घरातील म्हातारीने सटवी ललाटावर काही लिहीत नाही हे उतारवयात का होईना पण मान्य केले, त्या घरात हा नशीब नावाचा जुना देव कोणत्या दाराने परत आला, असा माझा तुम्हांस प्रश्न आहे. मला तर असे दिसते की तो संगणकाच्या पडद्यातून परत आला आहे. पूर्वी आपण दगडापुढे हात जोडून उभे होतो. आज पडद्यापुढे उभे आहोत आणि त्यावर 'अंडर स्क्रूटिनी' ही दोन इंग्रजी अक्षरे उमटली की देवाने कौल दिला असे समजून घरी परतत आहोत!

शिष्यवृत्ती म्हणजे सरकारने खुशीने टाकलेली भीक, असा तुमचा समज असेल तर तो प्रथम सोडा. या योजनेचा जन्म कसा झाला ते ठाऊक आहे काय? बाबासाहेब 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले. तेथे बसून त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाकरिता सरकारी तिजोरीतून पैसा मिळावा म्हणून झगडा मांडला आणि 1944 साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. देश स्वतंत्र होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. ज्यांना स्वतःच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे जावे लागले, 1913 साली अमेरिकेस जाताना शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानात नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला, त्यांनी आपल्या मागून येणाऱ्या मुलांना कोणा राजाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये अशी तजवीज केली. एका राजाची कृपा होती, तिच्या जागी कायदेशीर योजना आली. त्या योजनेकडे पाहून आपण पुन्हा 'कृपा होईल तेव्हा होईल' असे म्हणू लागलो, तर बाबासाहेबांचा झगडा आपल्यापुरता व्यर्थ गेला असे म्हणावयास हवे.

आणि बौद्धांना तर हा हक्क दुसऱ्यांदा मिळवावा लागला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, 1 नोव्हेंबरला, आपला वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नवे राज्य, नवा धर्म, आणि हाती काय? अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात बौद्धांना जागा नव्हती. धर्म बदलला, आता सवलत कशाची, असे कचेऱ्यांतून ऐकवले जाई. जणू दीक्षाभूमीवरून परत आलेल्या माणसाच्या गावातील विहीर रातोरात खुली झाली होती! 1960 साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या शासनाने नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. योजनांच्या नावांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे जे शब्द आज दिसतात त्यांचे मूळ त्यात आहे. केंद्राला मात्र तेच मान्य करावयास 1990 साल उजाडले. म्हणजे दीक्षेनंतर 34 वर्षे! ज्यांनी गेल्या चार-दोन वर्षांत दीक्षा घेतली आहे त्या कुटुंबांना हे मुद्दाम सांगतो, कारण धर्म बदलला की मुलांच्या सवलती जातात अशी भीती त्यांना अजूनही गावातील शहाणे घालतात. ती भीती खोटी आहे. अनुसूचित जातीचा मनुष्य बौद्ध झाला तरी तो कायद्याने अनुसूचित जातीचाच राहतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अर्ज भरणे आणि हक्क मिळणे या दोहोंच्या मध्ये काय आहे?

2017 साली राज्य सरकारने महाडीबीटी नावाचे पोर्टल काढले. पहिल्याच वर्षी ते असे कोलमडले की त्या वर्षीचे अर्ज पुन्हा कागदावर घेण्याची पाळी आली. पुढे ते सावरले आणि आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावरूनच जातो. विद्यार्थी आधार क्रमांकाने नोंदणी करतो, आपली माहिती भरतो, कागद जोडतो आणि अर्ज सादर करतो. येथे आपल्या घरात पेढा वाटला जातो. वस्तुतः येथे अर्जाचा प्रवास सुरू होतो. तो प्रथम महाविद्यालयातील लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग बुलढाण्याला समाजकल्याणाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात, आणि मंजुरीनंतर पैशासाठी पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडे. प्रत्येक मुक्कामी एक जिवंत मनुष्य खुर्चीवर बसलेला आहे. 'अंडर स्क्रूटिनी' याचा अर्थ एवढाच की यांपैकी कोणा एकाच्या पुढ्यात तुमचा अर्ज पडून आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या लॉगिनमध्ये जाऊन आपण केलेल्या अर्जांचा इतिहास उघडला तर तो कोणत्या पायरीवर आहे ते दिसते. पडद्यावरील शब्द हा दैवाचा कौल नव्हे, तो पत्ता आहे. पत्ता हाती असताना घरी बसणाऱ्यास काय म्हणावे?

तथागताने शिकविले की जे घडते ते कारणाने घडते. कारण नाहीसे करा, परिणाम नाहीसा होतो. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द आपण विहारात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. अडकलेल्या अर्जालाही कारण असते. उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा जोडला गेला असेल. गुणपत्रिकेचे चित्र पुसट असेल. महाविद्यालयाने अर्ज उघडलाच नसेल. कारण शोधावयाचे सोडून नशिबाला बोल लावणारा मनुष्य पंचशील म्हणत असला तरी त्या घटकेपुरता तो बौद्ध राहिलेला नसतो, असे मी स्पष्ट म्हणतो. कोणास राग आला तरी हरकत नाही.

लोणार तालुक्यातील एका मुलीची हकिगत सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही, कारण तिच्या आईने तसे सांगितले आहे. दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन घरचे, कापूस दुसऱ्याच्या शेतात वेचावयाचा. मुलगी परिचारिकेच्या शिक्षणास लागली. अर्ज भरावयाची वेळ आली ती नेमकी सोयाबीन काढणीची. बापाने मुलीचे कागद पिशवीत घालून तालुक्याच्या एका संगणकाच्या दुकानात दिले, पैसे दिले आणि तो शेतात परत गेला. दुकानदाराने अर्ज भरला. पण मोबाइल क्रमांक टाकला स्वतःचा, आणि पासवर्ड ठेवला स्वतःच्या वहीत. त्याने अशा कित्येक मुलांचे अर्ज एकाच बैठकीत उरकले होते. पुढे तो अर्ज 'सेंड बॅक' झाला. उत्पन्नाचा दाखला जुना होता, एवढीच त्रुटी. तहसीलमधून नवा दाखला आणून जोडला असता तर काम झाले असते. पण निरोप गेला दुकानदाराच्या मोबाइलवर, तेथे तो इतर निरोपांच्या ढिगाऱ्यात पडून राहिला, आणि त्रुटी दुरुस्त करण्याची मुदत संपली. मुलीला हे कळले केव्हा? संस्थेने वर्षाअखेर शुल्काची मागणी केली तेव्हा. एवढी रक्कम ते घर दोन हंगामांतही उभी करू शकत नव्हते. मुलीने वर्ष सोडले. आज ती पुण्याकडे एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी भरते. ती हुशार होती, असे मी म्हणत नाही. ती इतर मुलींसारखीच होती, आणि इतर मुलींसारखेच शिकण्याचा तिला हक्क होता.

यात दोष कोणाचा? दुकानदाराचा आहेच. पण दुकानदाराला आपण कोणत्या अधिकारावर बसविले? बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणार नाही अशी प्रतिज्ञा आहे. ती का आहे? माणूस आणि त्याचे कल्याण यांच्यामध्ये मध्यस्थ नको म्हणून. पूर्वीचा मध्यस्थ संस्कृत बोलत असे आणि आपल्याला ते कळत नसे. आताचा मध्यस्थ इंग्रजी अक्षरे टिपतो आणि आपण ती वाचून पाहण्याची तसदी घेत नाही. दक्षिणा दोघांनाही द्यावी लागते. दुकानात जाऊ नका, असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांनी सेतूत, सेवा केंद्रात अवश्य जावे, काम करणाऱ्यास त्याची मजुरी द्यावी. पण मोबाइल क्रमांक घरचा हवा. पासवर्ड मुलाच्या वहीत हवा. अर्जाचा क्रमांक आणि सादर केलेल्या अर्जाची प्रत घरी हवी. एवढे केल्याने त्या दुकानाचे देऊळ होत नाही, दुकान दुकानच राहते.

परंतु सगळा बोल आपल्याच माथी मारून मी सरकारास मोकळे सोडणार नाही. 'विद्यार्थ्यांनी वेळोवेळी आपल्या अर्जाची स्थिती तपासावी', ही सूचना दरवर्षी निघते. वाचावयास फार सोज्वळ वाटते! ज्या घरात एकच मोबाइल, तोही बापाबरोबर शेतात. ज्या गावात सातपुड्याच्या बाजूला संदेशवहनाचा पत्ता नाही. त्या घरातील सोळा वर्षांच्या पोराने आठवड्याला पोर्टल तपासावे, आणि पगारी नोकराने महिनोन्महिने एक अर्ज उघडू नये? जागे राहण्याची जबाबदारी गरिबाची आणि झोपण्याची मुभा कार्यालयाची, हा कोठला न्याय? मुदत चुकली तर विद्यार्थ्याचा अर्ज बाद होतो. लिपिकाची मुदत चुकली तर काय बाद होते? 'सर्व्हर डाऊन' हे शब्द ऐकले की पूर्वीच्या 'साहेब दौऱ्यावर आहेत' या उत्तराची आठवण होते. यंत्र बदलले, उत्तर बदलले नाही.

पैशाच्या बाबतीतही तेच. 2017-18 ते 2019-20 या काळात या योजनेसाठी केंद्राचा वाटा वर्षाला सरासरी 1,100 कोटींच्या आसपास येऊन ठेपला होता. बाकीचा भार राज्यांवर, आणि राज्यांनी तो टाळला की विद्यार्थ्यांवर. देशभर ओरड झाल्यावर डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी 59,048 कोटींची तरतूद मान्य केली. त्यातील 60 टक्के, म्हणजे 35,534 कोटी, केंद्राचे आणि उरलेले राज्यांचे. राज्याने आपला हिस्सा दिल्यावरच केंद्राचा हिस्सा सुटतो. म्हणून मुंबईत फाईल थांबली की दिल्लीचाही पैसा थांबतो, आणि 'केंद्राकडून निधी आला नाही' असे सांगणाऱ्यास 'राज्याचा हिस्सा केव्हा गेला?' हा प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नये. उत्पन्नाची मर्यादा पाहा. 2021 च्या केंद्रीय सूचनांत ती अडीच लाख आहे. तर 2019 साली आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणासाठी जी मर्यादा ठरली ती आठ लाख! गरिबीचे माप जातीगणिक बदलते, हे या देशाचे अर्थशास्त्र आहे. (अडीच लाखांवर उत्पन्न असणाऱ्या आपल्या मुलांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, ती लोक विसरतात, विसरू नये.) आणि अकरावी-बारावीच्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सूचनांप्रमाणे वर्षाचा भत्ता किती? 2,500 रुपये. दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यासाठीही मुलाने वर्षभर पडद्याकडे डोळे लावून बसावे!

मंजुरी आली तरी काम संपत नाही. पैसा त्याच बँक खात्यात जातो जे आधारशी जोडलेले आहे, मग तुम्ही अर्जात कोणतेही खाते लिहा. आपल्या लोकांची दोन-दोन, तीन-तीन खाती असतात. एक जनधनचे, एक शाळेच्या वेळचे, आणि एखादे मोबाइलचे सिम घेताना नकळत उघडलेले. शेवटी जे जोडले गेले तेथे पैसा पडतो आणि बाप जुन्या खात्याचे पुस्तक घेऊन बँकेत रांग लावतो. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडली आहे ते पाहता येते. अर्ज भरण्यापूर्वीच पाहावे. दुसरी गोष्ट मातांना विशेष सांगावयाची आहे. खात्यात आलेली सगळी रक्कम घरची नसते. केंद्राचा हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, पण त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते, आणि ते थोड्या दिवसांत भरावयाचे असते. मृगाच्या तोंडावर पैसा आला की बियाण्याचा मोह होतो. मी दोष देत नाही, मीही शेतकऱ्याचा मुलगा आहे. पण ते बियाणे पुढे मुलाच्या दाखल्यावर उगवते.

कागदांविषयी थोडे. 1956 नंतर आपल्या वडिलांनी शाळेच्या नोंदीत अभिमानाने नुसते 'बौद्ध' लिहिले. तो अभिमान योग्यच होता. पण जातीचा दाखला देणारे कार्यालय 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागते, आणि व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशाला तर जात पडताळणीही लागते. आपल्या वऱ्हाडात कोतवाल बुकाच्या नकलेत आजोबा-पणजोबांची जन्मनोंद सापडते. ज्या शब्दाचा आपल्याला तिटकारा, तोच शब्द त्या नकलेत असेल, असू द्या. तो आपल्यावर झालेल्या अन्यायाचा सरकारी पुरावा आहे, तो जपून ठेवा आणि मुलगा दहावीत असतानाच काढून ठेवा. दीक्षेनंतर ज्यांनी आडनाव बदलले त्यांनी राजपत्रात नोंद करून आधार, बँक आणि शाळा येथे एकच नाव एकाच अक्षरांत राहील असे पाहावे. यंत्राला अभिमान कळत नाही. त्याला अक्षरे जुळलेली हवी असतात.

आता शेवटचे. गावोगावी आपण विहारे बांधली. रविवारी वंदना होते, खीरदान होते, भाषणे होतात. त्या रविवारी वंदनेनंतर एक तास गावातील दोन शिकलेल्या मुलांनी बसावे. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने स्वतःचा अर्ज उघडावा, स्थिती मोठ्याने वाचावी आणि विहाराच्या वहीत तारीख घालून लिहावी. गतवर्षीचा अर्ज यंदा आपोआप चालू राहत नाही, त्याचे नूतनीकरण करावे लागते, हेही तेथेच तपासून घ्यावे. महिना उलटून स्थिती बदलली नाही, तर त्या वहीतील नोंद घेऊन प्रथम महाविद्यालयात लेखी अर्ज द्यावा. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये, या शासनाच्या सूचनेचाही त्यात उल्लेख करावा. तेथे दाद लागली नाही तर चिखलीचा असो की शेगावचा, चार-पाच पालकांनी मिळून बुलढाण्याला समाजकल्याणाच्या कार्यालयात जावे. एकट्याने जाऊ नये. एकट्याला उद्या या म्हणतात. तेथेही उत्तर मिळाले नाही तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही माफ आहे, आणि 30 दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. त्यात भाषण लिहू नका. 'माझ्या मुलीचा अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे, आणि त्यावर दिनांकनिहाय काय कार्यवाही झाली?' एवढेच विचारा. दोन प्रती न्या. एक आत द्या; दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.